बंदोबस्त हवा, पण उंबरठ्याचा मान राखून

सांथ आली कीं गांवांत दोन आरोळ्या उठतात. एक म्हणतो, "माझें घर, मी वाटेल तें करीन." दुसरा म्हणतो, "सर्वांच्या जिवासाठीं कोणाच्याही घरांत घुसा." आमच्या मतें दोघेही चुकतात.

१८९७ सालीं साथरोगाचा कायदा झाला. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तास गोरे सोजीर घरोघर शिरले. भयानें लोक रोगी लपवूं लागले. आणि लपविलेला रोगी म्हणजे गंजींत झांकलेला विस्तव! त्याच सालीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना डॉ. यशवंतांच्या दवाखान्यांत नेत होत्या. रोगी तेथेंही वेगळाच ठेवीत, पण मायेनें. त्याच सेवेंत प्लेग होऊन १० मार्च रोजीं त्या वारल्या.

तोच कायदा २०२० सालीं कोरोनांत पुन्हां लागू झाला. कित्येक गांवांनीं वेशीवर कांटे टाकले. सुलतानपूरकर बांधवांनो, शहरांतून पायीं परतणारा मजूर आपलाच लेक ना? त्यास चौदा दिवस शाळेच्या खोलींत ठेवणें रास्त. भाकरी-पाण्यावांचून वेशीबाहेर ठेवणें हा जुलूम.

शेजाऱ्यास रोग देण्याची मोकळीक कोणासच नाहीं. पण बंदोबस्त करणारानें कारण सांगावें, मुदत सांगावी आणि दाद कोठें मागावी तेंही सांगावें. ग्रामसभेंत हे तीन प्रश्न बेधडक विचारा. झोपडीपुढें कडक आणि वाड्यापुढें मऊ, तो बंदोबस्तच नव्हे!