सर्वेक्षणाचे ऋण

तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर हातात फॉर्म घेतलेला मनुष्य दिसला, की घरातली बाई न विचारताच रेशनकार्ड बाहेर काढते. माणसे किती, मुले किती, दगावलेली किती, पाणी कोठून आणता? उत्तरे तिला आता पाठ झालेली आहेत. मुलाचे वजन होते, दंडाला पट्टी लागते, बोटातून रक्ताचा थेंब जातो. त्या थेंबातून काय निघाले, हे सांगायला मात्र सहसा कोणी परत येत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही. 1992-93 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हापासून या डोंगराळ भागात किती पथके आली आणि गेली! अहवाल मुंबईला आणि दिल्लीला पोचतो. पाड्यावर पोचत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आणि समाजशास्त्राच्या प्रकल्पांसाठी आपणही फॉर्म भरतोच, तेव्हा हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की निष्कर्ष लोकांना सांगणे हा संशोधन संपल्यावर दाखवायचा शिष्टाचार नव्हे. तो संशोधनाचाच भाग आहे आणि तेवढे झाले नाही तर काम अपुरे राहिले असेच समजावे. माहिती ज्याची, तिच्यावर पहिला हक्क त्याचा.

यावर नेहमीचे उत्तर असे, की अडाणी लोकांना आकडेवारी काय कळणार? भाताचा आणि सावकाराच्या व्याजाचा हिशोब तोंडी ठेवणाऱ्या बाईला शंभरातली किती मुले वाचली हे कळत नाही, असे म्हणणाऱ्याने स्वतःची सांगण्याची पद्धत तपासावी. (आपले फॉर्म प्रमाण मराठीत आणि उत्तरे वारलीत, हा घोळ तर निराळाच.)

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. हा अभ्यास जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. त्या गावांची नावे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईल. परंतु काम लॅन्सेटपाशी थांबले नाही. स्त्रिया आपल्या शरीराविषयी जे बोलल्या, ते राणीताईंनी ‘कानोसा’ या पुस्तकात मराठीतच मांडले. त्याच जिल्ह्यात दारूवर होणाऱ्या खर्चाचा हिशोब लोकांपुढे ठेवला गेला, दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. पुढे 2001 साली राज्यातील बालमृत्यूंवर एक अहवाल निघाला, त्याचे नाव ‘कोवळी पानगळ’. वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू, हा त्याचा अंदाज सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी मोठा होता. अहवालाचे नाव असे असले, तर तो कशाविषयी आहे हे समजायला पदवी लागत नाही.

आता खरी अडचण. सगळेच सर्वांसमोर सांगता येते का? एखाद्या गावात गुप्तरोग किंवा क्षयाचे प्रमाण जास्त निघाले आणि ते वर्तमानपत्रात गावाच्या नावासकट आले, तर उद्या त्या गावात कोणी मुलगी देणार नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्या व्यक्तीचे रक्त, तिचा निकाल फक्त तिला आणि तोही एकांतात. गावाचा एकंदर निष्कर्ष गावाला, स्त्रियांचा आधी स्त्रियांना, आणि छापखान्याला सर्वांत शेवटी. रोग सांगायचा आणि औषधाचे नाव काढायचे नाही, हा तर नुसता छळ झाला. निदान कोणत्या आरोग्य केंद्रात जावे, कोणाला भेटावे, एवढे तरी सोबत असावे. पण औषध नाही म्हणून सांगूच नये, हे मला पटत नाही. पाणी दूषित आहे एवढे कळले, तरी पाणी उकळता येते आणि ग्रामपंचायतीत भांडता येते.

न सांगण्याचे टोक अमेरिकेत दिसले. ॲरिझोनातील हवासुपाई या आदिवासी जमातीने 1990 नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. ते स्किझोफ्रेनियाच्या आणि जमातीच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरले गेले. जमातीला याचा सुगावा लागला 2003 साली, त्यांच्यातलीच एक स्त्री विद्यापीठातील एका व्याख्यानाला बसली होती म्हणून. खटला होऊन 2010 साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्तही परत केले.

नियम आहेत. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2013 च्या आवृत्तीत, संशोधनात भाग घेणाऱ्यांना त्याचे एकंदर निष्कर्ष कळण्याची मुभा असावी असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे नीतिविषयक पहिले निवेदन तर 1980 चे. पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला कोणती समिती विचारते? तिथे गुण मिळतात आणि वही कपाटात जाते.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना एक सूचना. पुढच्या शिबिरात सर्वेक्षण शेवटच्या दिवसाऐवजी पहिल्या तीन दिवसांत उरकावे. शेवटच्या संध्याकाळी, करमणुकीच्या कार्यक्रमाआधी, पाड्यावरच्याच वारली बोलणाऱ्या कोणा मुलीकडून बेरजा वाचून घ्याव्यात: विहिरी किती, उन्हाळ्यात आटणाऱ्या किती, वजन कमी भरलेली मुले किती. नावे अर्थातच नकोत. एखादी बाई उठून म्हणेल, ‘हे चुकलंय, आमच्या पाड्यावर याहून जास्त आहेत.’ मग ती सांगेल तो आकडा वहीत घ्यावा.