सातबाऱ्यापुरता विस्तार

वसंतराव नाईकांच्या जयंतीला, म्हणजे १ जुलैला, महाराष्ट्रात कृषी दिन साजरा होतो. त्या दिवशी कोकणातल्या बाया गुडघाभर चिखलात लावणी करत असतात. मग सभागृहात कोण येणार? ज्याची लावणी दुसरं कुणीतरी करतंय तो. शाल-श्रीफळ त्यालाच, ‘प्रगतशील शेतकरी’ ही पदवीही त्यालाच. तारीख ही बारीकसारीक बाब म्हणून सोडून देता आली असती, पण किनारपट्टीवरची सगळी कृषी विस्तार यंत्रणा याच पद्धतीने शेतकरी शोधते, म्हणून सोडवत नाही.

अलिबाग-पेणचा खारेपाट घ्या. इथली भातखाचरं उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र बाहेर राहतो तो मातीच्या बांधामुळे, आणि आतलं पावसाचं पाणी निघतं ते उघाडीतून. पावसाने मीठ धुऊन जातं म्हणून एक पीक निघतं. पावसाळा सरला की क्षार पुन्हा वर. या जमिनीसाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा भातजाती दिल्या. हे काम खरोखर मोलाचं आहे, आणि विद्यापीठांना सरसकट झोडपणाऱ्यांनी ते विसरू नये.

पण क्षार सोसणारं भात म्हणजे समुद्रात उगवणारं भात नव्हे. बांधाला खांड पडली की बियाण्याची पिशवी घरात ठेवायची. आणि बांध कृषी खात्याचा नाही. १९७९च्या कायद्याने तो खारभूमी विकास यंत्रणेकडे आहे, ती जलसंपदा विभागात. खांड बुजली नाही, खारं पाणी येतजात राहिलं, तर शेतात कांदळवन उगवतं. मग वन विभाग येतो, कारण २००५च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कांदळवनाला हात लावता येत नाही. शेताशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवलात तर तुम्ही मत्स्यव्यवसाय विभागाचे. एकाच घरातलं भात, मासे आणि बांध, दारं चार. कृषी सहायक यांपैकी फक्त भाताबद्दल बोलू शकतो. शेतकरी विचारतो खांडीबद्दल, उत्तर मिळतं बीजप्रक्रियेबद्दल. त्या बिचाऱ्यावर राग काढून उपयोग नाही. अनेक गावं, वर पोर्टल भरण्याचं काम, आणि खांडीबाबत अधिकार शून्य.

याहून मोठी अडचण सातबाऱ्याची. कोकणातला सातबारा म्हणजे अनेकदा कुटुंबाची वंशावळ. वारलेले आजोबा, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईत स्थायिक झालेले चुलते. प्रत्यक्ष शेत करणाऱ्या सुनेचं नाव त्यात बहुधा नसतंच. २०१८ साली सुरू झालेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना पाहा. इतर विभागांत कमाल ६ हेक्टरची मर्यादा, कोकणासाठी १०. ऐकायला कोकणाचा कैवार वाटतो. पण सामायिक जमीन असेल तर सहहिस्सेदारांची संमतिपत्रं आणायची. दहा हेक्टर एकट्याच्या नावावर असलेला बागायतदार अर्ज भरून मोकळा होतो. दहा गुंठे कसणारी बाई आधी चुलत दिरांचे फोन नंबर शोधते. संमतिपत्र मागणारं खातं म्हणेल, उद्या भाऊबंदकीचा दावा लागला तर? मान्य, झाडांच्या अनुदानाला जमिनीची खात्री हवी असेल. पण बियाणं, प्रशिक्षण, मातीपरीक्षण यांसाठी मालकी कशाला हवी? सल्ला घेतल्याने कुणाचा हिस्सा कमी होत नाही.

हा खारेपाट चरीच्या संपाचा आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ इथल्या कुळांनी जमिनी ओसाड ठेवल्या, उपास काढले. भांडण हेच होतं, की कागदावरचा मालक मोठा की कसणारा. त्याच मुलखात आज कसणाऱ्या बाईला उतारा दाखवल्याशिवाय शेतकरी मानलं जात नसेल, तर याला विस्तार म्हणायचं तरी कसं?

गावात कोण काय कसतं हे शेजारपाजारच्या दहा घरांना ठाऊक असतं. ग्रामसभेत कसणाऱ्यांची यादी करावी, मालकी हक्काला धक्का न लावता, आणि विस्ताराचे कार्यक्रम त्या यादीवरून चालवावेत. कृषी दिन १ जुलैलाच ठेवायचा तर खुशाल ठेवा. खारेपाटातली बैठक मात्र मे महिन्यात घ्या, उधाणाच्या दिवशी, बांधावर. आणि येताना खारभूमीच्या अभियंत्याला सोबत आणा.