सात पिढ्यांचा दाखला

‘आमच्या सात पिढ्यांत असे मूल निपजले नाही, मग हा दोष बीजाचा कसा?’ अशी कैफियत स्वमग्न मुलाच्या घरी नातलगांकडून हटकून रुजू होते, आणि मग आईच्या डोहाळ्यांपासून तिच्या नोकरीपर्यंत सर्वांची झडती सुरू होते. या पूर्वपक्षाला पांडित्याचा आश्रयही लाभला होता. १९६७ साली मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी मातेच्या भावशून्यतेवर ठपका ठेवणारा ग्रंथच लिहिला. दहा वर्षांनी फोलस्टीन व रटर या संशोधकांनी ब्रिटनमधील २१ जुळ्या जोड्या तपासल्या, तेव्हा ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली, १० द्विबीज जोड्यांत मात्र एकाही जोडीत नाही. संख्या लहान खरी. परंतु दोन्ही प्रकारांत प्रत्येक जोडीची माता तर एकच होती; फरक होता तो बीजाच्या साम्याचा!

राहता राहिला सात पिढ्यांचा दाखला. तो खरा मानला तरी त्यावरचे अनुमान टिकत नाही. कारण बीज ही वाडवडिलांच्या दस्तऐवजाची नक्कल असली, तरी दर नकलेत काही फरक नव्याने शिरतात. आइसलंडमधील कुटुंबांच्या २०१२ सालच्या अभ्यासात, पित्याचे वय एका वर्षाने वाढले की अपत्यात असे सुमारे दोन बदल अधिक आढळतात, असे दिसून आले. (मातेची झडती घेणारे येथे कोठे असतात, कोण जाणे.) बहुतेक बदल निरुपद्रवी असतात; क्वचित मात्र गुणसूत्राचा एखादा तुकडाच गळतो किंवा दुणावतो. जोनाथन सेबट प्रभृती संशोधकांना २००७ साली, ज्या कुटुंबांत एकच जण स्वमग्न होता तेथील सुमारे १० टक्के स्वमग्नांत असे नवे बदल सापडले. स्वमग्न नसलेल्यांत ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास होते.

इतके मान्य होताच दुसरी मंडळी जनुकीय तपासणीच्या अहवालाला ब्रह्मलिखित समजू लागतात, आणि तेही तितकेच अग्राह्य आहे. सोळाव्या गुणसूत्रावरील एक तुकडा गळालेल्यांपैकी कोणी स्वमग्न असतो, कोणाचे केवळ बोलणे लांबते, कोणाला फिट्स येतात, आणि कधी मुलाच्या तपासणीनंतर तोच बदल धडधाकट संसार करणाऱ्या पालकात आढळतो. शिवाय २०१४ सालच्या स्वीडनमधील अभ्यासानुसार आनुवंशिक जोखमीचा मोठा हिस्सा सर्वसामान्य, सौम्य बदलांच्या बेरजेतून येतो; दुर्मीळ बदल थोड्यांच्या वाट्याला येतात, पण ज्यांच्या येतात त्यांच्या स्वमग्नतेची संभाव्यता ते एकदम वाढवतात. म्हणूनच पालकांचीही तपासणी करावी लागते: बदल दोघांतही नसेल, तर पुढच्या अपत्यात तो उतरण्याचा संभव अत्यल्प, एकात असेल, तर निम्मा. आणि उतरलाच, तरी ते मूल स्वमग्न होईलच, असे कोणत्याही प्रामाणिक समुपदेशकाला लिहून देता येत नाही.