यमू मेली, वाचक सुटला

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी वाचून डोळे पुसणारे पुष्कळ भेटतात. नवरा वारला, बळजबरीने केस काढले, पोर मेली. वाचक हळहळतो, पुस्तक मिटतो आणि जेवावयास बसतो. आमची तक्रार आहे ती या शेवटाविषयी. मेलेली यमू कोणाकडे काही मागत नाही! ती जगती, तर तिला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, दुसरे स्थळ पाहावे की नाही, याचा जबाब प्रत्येक घराला द्यावा लागता.

विधवेने मरावेच असे कोठे लिहिले आहे? आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात पाहा. देवरुखच्या जोश्यांच्या गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाल्या. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या आणि 1893 साली मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी त्यांनी पुनर्विवाह केला. कादंबरीचे पुस्तक निघाले तेही त्याच साली! मुरूडच्या ब्रह्मवृंदाने बहिष्काराचे हत्यार उपसले. तरी बाई जगल्या, संसार केला, 'माझे पुराण' या नावाने आपली हकीकत स्वतः सांगून गेल्या. यमूसाठी रडणाऱ्यांपैकी ते पुराण किती जणांनी उघडले?

केस काढण्याची आज्ञा भटजीची, पण वस्तरा आमच्याच न्हावी बंधूच्या हाती. कादंबरी 'करमणूक' पत्रातून येऊ लागली त्याच 1890 साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस न काढण्याचा ठराव केला. त्यांनी आसवे गाळली नाहीत, वस्तरा खाली ठेवला. लक्षात घेतले ते यांनी!

आता शेतकरी-कारागीर बंधूंनो, आपल्या घरचे बोलू. आपल्यात पाट होता, मोहतूर होता. नवरा मेलेल्या बाईस दुसरा संसार मांडता येई. मग अंगात कुळीचा तोरा शिरला, पाट हलका वाटू लागला, आणि ज्यांना नावे ठेवीत होतो त्यांच्याच चाली आपण उचलल्या. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. सरकारनेही त्यावर परिपत्रक काढले. आपल्या वाडीच्या ग्रामसभेत ते कोणी वाचून दाखविले काय? प्रेत उठताना त्या बाईचा हात धरून बांगड्या फोडावयास पुढे होते ती भटीण नव्हे, आपलीच चुलती नाही तर आत्या. ते परिपत्रक आधी तिला वाचून दाखवा.