पोषणाची पत्रके मराठीत कधी?

सप्टेंबर आला की पोषण महिन्याचे फलक लागतात. बेळगाव असो वा निपाणी, मजकूर कानडीत! मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या मुलींनी तो वाचायचा कसा?

जस्त म्हणजे पत्र्यावरचा मुलामा, एवढेच आम्हाला ठाऊक. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज १३.२ मिलिग्रॅम जस्त ठरवले आहे. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेच्या २००९ च्या अभ्यासात जस्त दिल्यावर किशोरवयीन मुलींची स्मरणशक्ती आणि चवीची जाण सुधारली. उपाय महाग नाही. भाकरी-डाळीतले फायटेट जस्ताला धरून ठेवते. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबवले की ती पकड सैल होते. मटकीची उसळ, आंबोळी, तिळाची चटणी आमच्या घरात आहेच. पण कुणाच्या पानात? १ नोव्हेंबरच्या फेरीत घसा कोरडा करणारे आम्ही घरी येऊन आधी जेवतो. लेक शेवटी बसते, उरलासुरला आमटी-भात घेऊन. हा अन्याय काही बेंगळुरूच्या सरकारने केलेला नाही.

मराठी पत्रके आम्ही मागणारच. ती मिळेपर्यंत महिला मंडळांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात हे सांगावे. वाणाला प्लास्टिकचे डबे पुरे झाले, पावशेर मटकी द्या.