बांधकामाचं संगणकी शिक्षण आणि कालव्याकडचा एकर



आज एका अशा विषयावर लिहितो आहे ज्याची पदवी माझ्याकडे नाही. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. पण नव्या इमारतींचं, पुलांचं आणि रस्त्यांचं काम आता संगणकावर कसं आधी ‘बांधलं’ जातं, आणि ते शिकवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम कसे निघाले आहेत, यावर गेले काही महिने मिळेल ते वाचतो आहे. कारण घरचंच आहे. पुतण्याच्या मुलीनं बारामतीला सिव्हिलची पदवी घेतली. तिला इंग्लंडला जाऊन ‘डिजिटल कन्स्ट्रक्शन’मध्ये एम.एस्सी. करायचं आहे. पुतण्या म्हणतो, कालव्याकडचा एकर तारण ठेवू. वहिनी म्हणतात, त्यापेक्षा लग्नाचं बघा. आणि सगळे म्हणतात, तात्या, तुम्ही मास्तर, तुम्ही सांगा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. शिक्षण चांगलं आहे, फॅड नाही, तिनं ते जरूर घ्यावं. पण पदवीच्या पाठोपाठ नाही. आधी दोन वर्षं साइटवर उन्हात काढावीत. आणि जमीन तारण ठेवून तर आत्ता मुळीच नाही.

आता हे शिक्षण आहे तरी काय? मला समजलं तसं सांगतो, चुकलं तर इंजिनियर मंडळींनी कान धरावा.

मी एका शाळेत असताना नव्या खोल्यांचं बांधकाम निघालं होतं. नकाशे तीन होते. एक खोल्यांचा, एक वायरिंगचा, एक पाण्याचा आणि संडासाचा. तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी काढलेले. प्रत्येक नकाशा आपापल्या जागी बरोबर. स्लॅब टाकून झाल्यावर लक्षात आलं, की संडासाचा पाइप जिथून जायचा तिथे नेमका बीम आहे. मग पाइप वळसा घालून नेला. वळशात उतार गेला, आणि पुढे दर पावसाळ्यात तो तुंबायचा. मुलं कुठेही जायची, हाल व्हायचे ते मुलींचे. आठवी-नववीच्या मुली दुपारनंतर घरी का जातात, हे आम्ही मास्तर लोक हजेरीपत्रकात शोधत होतो. कारण त्या पाइपात होतं.

हे तीन नकाशे एकमेकांवर ठेवून आधीच पाहिले असते तर? नव्या तंत्राचा गाभा एवढाच आहे. त्याला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, थोडक्यात ‘बिम’ म्हणतात. (आपला तो स्लॅबखालचा बीम वेगळा, हा वेगळा. नावं ठेवणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केलेला दिसत नाही :-) ) कागदावरच्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. मॉडेलमधल्या भिंतीला स्वतःची माहिती असते. ती किती जाड, कशाची, तिच्यातून कोणती वायर जाते, तिला किती विटा लागतील, ती कोणत्या आठवड्यात उभी राहायची. पाइप आणि बीम एकाच जागी आले तर संगणक लाल खूण करून दाखवतो, आणि चूक सिमेंटमध्ये होण्याआधी पडद्यावरच दुरुस्त होते. लांबी, रुंदी, उंची या तीन मितींना वेळ जोडला की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी.

हे सगळं परदेशातलं आहे असं समजू नका. आपल्याच राज्यात नागपूर मेट्रोचं काम या पाच मितींच्या पद्धतीनं झालं आणि मार्च २०१९ मध्ये ती मेट्रो धावू लागली. ब्रिटननं एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ही पद्धत सक्तीची केली. म्हणून तिथल्या विद्यापीठांत याचे एम.एस्सी. निघाले. सॅलफर्डला आहे, लंडनच्या मिडलसेक्सला आहे. आमच्या नातीच्या यादीत ही नावं आहेत. २०१८ मध्ये तर या माहितीची देवाणघेवाण कशी करायची याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणकही आलं, आयएसओ १९६५०.

आणि लासुर्ण्यात? लासुर्ण्यातही आलं आहे, फक्त आपण त्याला ते नाव देत नाही. घरकुलाचंच घ्या. २०१६ मध्ये पंतप्रधान आवास योजना ग्रामीण सुरू झाली तेव्हापासून बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला मोबाइलवर फोटो काढावा लागतो, त्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश येतात, आणि मग पुढचा हप्ता खात्यात जमा होतो. पूर्वी पाया न खणताही कागदावर घर उभं राहू शकायचं. आता निदान तेवढं अवघड झालं. गावच्या म्हाताऱ्यांना ‘जिओ टॅगिंग’ हा शब्द येतो, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

तुकोबांच्या पालखी मार्गाचंही तसंच. पाटसपासून बारामती-इंदापूरवरून तोंडले-बोंडल्यापर्यंतच्या सुमारे १३० किलोमीटरच्या या चौपदरी रस्त्याची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं देशभरच्या आपल्या कामांचं दर महिन्याला ड्रोननं चित्रण करणं बंधनकारक केलं आणि ते चित्रण संगणकावर साठवायचं ठरवलं. म्हणजे ज्या वाटेनं दरवर्षी वारकरी जातात, तिचं कामही आता दिल्लीत बसून पाहता येतं.

इथपर्यंत मी या शिक्षणाचा वकीलच आहे. आता माझी हरकत.

ड्रोनला वरून रस्ता दिसतो. रस्त्याखालच्या नळीतून शेताचं पाणी पलीकडे जातं की नाही, हे त्याला दिसत नाही. ते बघायला वाकावं लागतं. फोटोत स्लॅब दिसतो, त्यावर पाणी मारलं होतं का ते दिसत नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात, आणि पहिले सात दिवस तरी ते ओलं ठेवायला लागतं, हे कोणीही गवंडी सांगेल. पण आमच्याकडे उन्हाळ्यात वीज रात्री येते. मोटर चालू करायला रात्री दोनला कोण उठणार? मॉडेलमध्ये ‘क्युरिंग, सात दिवस’ अशी हिरवी खूण पडलेली असते. ती खूण खरी करणारा माणूस झोपलेला असतो.

ती चौथी मिती, वेळेची, तिचीच मला सगळ्यात गंमत वाटते. वेळापत्रक संगणकावर सुंदर दिसतं. पण आपल्या भागात दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाला जातात, मग वाळू-खडी कोण आणणार? गावची जत्रा आली की सेंट्रिंगवाला चार दिवस फोन उचलत नाही. पालखीच्या दिवसांत रस्ता बंद. बिहार-बंगालचे कामगार छठपूजेला किंवा ईदला गावी गेले की परत कधी येतील ते तेच जाणोत. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं केलेलं वेळापत्रक म्हणजे शाळेच्या भिंतीवरचं वेळापत्रक, पाहुण्यांना दाखवायचं. आणि हे कुठल्याही विद्यापीठाच्या वर्गात शिकवता येत नाही, मग तो वर्ग लंडनचा असो की पुण्याचा.

इथे मला वालचंदशेठ आठवतात. आमच्या शेजारचं वालचंदनगर सगळ्यांना साखरेमुळे आणि यंत्रांमुळे माहीत. पण वालचंद हिराचंद मुळात बांधकामातून वर आलेले. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून ठेकेदारीत उतरले होते, त्यांच्याबरोबर भागीदारी करून वालचंदशेठनी बार्शी लाइट रेल्वेची कामं घेतली. आधी रुळाकडेची धूळ खाल्ली, मग पुढे १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. त्याच कंपनीनं बांधलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. हल्लीची पोरं त्या पुलावर सेल्फी काढतात. त्या कंपनीचं मूळ बार्शीच्या छोट्या रेल्वेत आहे हे त्यांना सांगायला हवं. आणि याच बांधकाम व्यवसायातल्या मंडळींच्या पुढाकारानं १९८३ मध्ये ‘निकमार’ ही संस्था निघाली, तिचं पुण्यात बालेवाडीला मोठं आवार आहे, २०२२ पासून ते विद्यापीठच झालं. कामाची गरज आधी, शिक्षण नंतर, असा हा क्रम आहे. आमच्या घरात तो उलटा लागू पाहतो आहे.

पुतण्याचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. तो म्हणतो, “तात्या, मुलगा असता तर मीही म्हणालो असतो जा साइटवर. पोरीनं कुठं उभं राहायचं? तिथं बाईमाणसाला साधा आडोसा नसतो.” खरं आहे. घमेली उचलणाऱ्या बाया साइटवर शंभर वर्षांपासून आहेत, त्यांना आडोसा नव्हता तेव्हा कोणाला तो प्रश्न वाटला नाही, इंजिनियर पोरगी आली तेव्हा वाटला, हा भाग सोडून देऊ. पण बापाची काळजी खोटी नाही. माझं एवढंच म्हणणं, की मेट्रो, मोठे पूल अशी जी नीट चालवलेली कामं आहेत तिथे आता मुली दिसतात. पगार थोडा असेना, अशा ठिकाणी प्लॅनिंगमध्ये किंवा बिलांच्या टेबलावर शिरावं आणि दिवसातून एकदा तरी हेल्मेट घालून काम बघून यावं.

ती स्वतः काय म्हणते? ती म्हणते, “आजोबा, दोन वर्षांत सॉफ्टवेअर बदलतील, मी मागे पडेन.” मी तिला म्हटलं, बाळा, सॉफ्टवेअर बदलणारच आहेत. तू आज शिकलीस तरी दोन वर्षांनी परत शिकायचंच आहे. पाण्याचा उतार बदलणार नाही. आमच्या दारातला नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात खणला, त्याचा उतार डोळ्यांना कळतसुद्धा नाही, आणि पाणी अजून वाहतं. ते ज्यांनी मोजलं त्यांच्याकडे ड्रोन नव्हता. (ती हसली. पटलं असं मी समजत नाही.)

आता पैशाचं. तिथला एम.एस्सी. वर्षभराचा असतो. सप्टेंबरात पोचायचं, थंडीशी जुळवायचं, जानेवारीत नोकऱ्या शोधायला लागायचं. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधायला दोन वर्षं मिळायची, ती मुदत १८ महिन्यांवर आणायचं ब्रिटन सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे कर्जाचा हप्ता आपल्या जागी पक्का आणि नोकरीची खिडकी लहान. अशा वेळी मुलाखतीत ‘मी हे सॉफ्टवेअर शिकले’ एवढंच सांगणारी पोरगी आणि ‘मी अमुक पुलावर दोन वर्षं होते, तिथे हे हे चुकत होतं, म्हणून हे शिकायला आले’ असं सांगणारी पोरगी, यांत तुम्ही कोणाला घ्याल? दोन वर्षांच्या पगारातून थोडी शिल्लक पडेल, कर्ज तेवढं कमी लागेल, आणि एकर सातबाऱ्यावर बोजाशिवाय राहील. न जाणो, तोवर तिला पुण्या-मुंबईतलाच एखादा एम.टेक. बरा वाटेल.

जायचंच ठरलं, आत्ता किंवा नंतर, तर विद्यापीठाला दोन प्रश्न लिहून विचारावेत असं मी तिला सुचवलं आहे. एक, वर्षभरात खऱ्या, चालू बांधकामावर किती आठवडे नेणार? दोन, विद्यार्थी म्हणून फुकट वापरायला मिळणारं सॉफ्टवेअर कोर्स संपल्यावर कोणाच्या खर्चानं वापरायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तो कोर्स कितीही चकचकीत असो, यादीतून काढावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कोर्समध्ये दिसली नाही, आणि ती भाषेची आहे म्हणून मास्तराच्या अधिकारात बोलतो. मॉडेल कितीही अचूक असो, शेवटी ते मुकादमाला कळायला हवं. तो काय म्हणतो? ओळंबा, गुण्या, थापी, रंधा, टेकू, गिलावा. मॉडेलमधली सगळी नावं इंग्रजी. साइटवरच्या टॅबवर भिंत फिरवून दाखवता येते, पण ती दाखवणाऱ्या पोरीला ‘टेकू कधी काढायचा’ हे मुकादमाला त्याच्या शब्दांत सांगता आलं नाही, तर तो मान डोलावणार आणि त्याला हवं तसंच करणार. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर इंजिनियरिंग मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. चांगलं झालं. पण मला वाटतं, मराठीची खरी गरज सिव्हिलला जास्त होती.

म्हणून नात नोकरी शोधते आहे तोवर मी एक उद्योग सुरू केला आहे. गवंडी, सुतार, फरशीवाले, सेंट्रिंगवाले यांचे शब्द एका वहीत लिहून घेतो आहे, समोर तिनं सांगितलेलं मॉडेलमधलं इंग्रजी नाव. साठएक झाले आहेत. एकाच वस्तूला बारामतीकडे एक शब्द आणि अकलूजकडे दुसरा, असंही निघतं आहे. विदर्भ-कोकणातल्या वाचकांनी तिकडचे शब्द कळवले तर वहीत तुमच्या गावाच्या नावासह लिहीन. प्लंबरचे शब्द विशेष हवे आहेत, तिथे माझं पान अजून कोरंच आहे.