भामरागडची एसटी भारमानावर तोलू नका

जंगलपट्ट्यातल्या फेऱ्यांचा विषय निघाला की आगारातून एकच उत्तर येते: भारमान नाही, म्हणजे गाडी भरत नाही. त्यावर आमचे म्हणणे असे.

१. १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यात अहेरी–गर्देवाडा एसटी सुरू झाली. स्वातंत्र्याला ७७ वर्षे उलटल्यावर. त्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या काटेझरीला आणि भामरागडच्या मरकणारलाही पहिली गाडी गेली. आनंदच आहे. पण नारळ पहिल्या फेरीला फुटतो. फेरी बंद होते तेव्हा कुणी फिरकत नाही.

२. या भागाला मुक्कामी गाडी हवी. गाडी रात्री गावात थांबली आणि पहाटे निघाली, तर गरोदर बाई तपासणी करून, म्हातारा तहसिलीतला दाखला घेऊन संध्याकाळी घरी येतो. तीच गाडी सकाळी आगारातून सुटून दुपारी गावाहून परतली, तर त्यांना तालुक्याला कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढावी लागते. मग काळी-पिवळीच्या टपावर बसणे परवडते. भारमान घसरते ते इथे. वेळापत्रक चुकते आणि दोष गावाच्या माथी येतो. अर्थात मुक्काम हवा तर चालक-वाहकाला खोली, पाणी, संडास द्यायला हवा. ते ग्रामपंचायतीचे काम आहे, उगाच महामंडळाकडे बोट दाखवू नये.

३. नफा नसला तरी वाट चालू ठेवावी लागते, याचे एक दूरचे उदाहरण. प्रशांत महासागरातला नाउरू हा जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा देश. त्याच्या सरकारी विमान कंपनीचे एकुलते एक विमान २००५ मध्ये थकबाकीपायी जप्त झाले. कंपनी नफ्याची नव्हतीच, तरी २००६ मध्ये तैवानच्या मदतीने ती पुन्हा उभी केली, कारण बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचेही बेटच होते.

४. तोटा भरून द्यायचा नाही, असे सरकारचे धोरण मुळीच नाही. ‘उडान’ योजनेत छोट्या विमानतळांच्या फेऱ्यांची तूट सरकार भरते आणि त्यासाठी गर्दीच्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावते. विमानाच्या खुर्चीला चालते ते एसटीच्या बाकाला का चालू नये?

५. पैसा गडचिरोली आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. सुरजागडचे लोहखनिज आणि चंद्रपूरचा कोळसा यांतून त्या त्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात निधी जमतो. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, जिवती या तालुक्यांतल्या ठरलेल्या फेऱ्यांची तूट त्यातून द्यावी, फेरीनिहाय हिशेब दर तिमाहीला आगारात लावावा आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय एकही फेरी बंद करू नये.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. एक प्रत आगार व्यवस्थापकांना द्या, एक जिल्हाधिकाऱ्यांना. आणि पोच घ्यायला विसरू नका.